मोलोतला माड

सकाळी मुलानं नर्सरीतून नारळाचं रोप आणलं आणि आखातातल्या खलिफा सिटीतल्या आमच्या व्हिलाच्या अंगणात ठेवलं. "अम्मी, कुठे लावू?" रोपाखालच्या नारळाच्या ओल्या सोडणाचा वास आला आणि मला मोलो आठवलं.

केनियातलं हे शेतीचं गाव आठ हजार फुटांवर. साठच्या दशकात लग्न होऊन मी रत्नागिरीहून तिथे गेले. चहूकडे गोऱ्यांची शेतं, मेंढ्या आणि डासांच्या औषधासाठी लावलेली पांढरी फुलं. आमचे हे तिथे ट्रॅक्टर दुरुस्त करायचे. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, गोरे जमिनी विकून निघाले होते, आणि आम्ही राहायचं की जायचं ते ठरत नव्हतं.

ह्यांनी मोंबासाहून नारळ आणून दारात लावला. आमच्याकडे घर केलं की माड लावतातच. "विषुववृत्त इथून हाकेवर आहे, ऊन कमी पडायचं नाही," म्हणाले. शेजारची वांजिरू म्हणाली, "इथे पहाटे दव गोठतं." मग हे रोज संध्याकाळी कोंबावर गोणपाट घालायचे. एक पान आलंही. पण एका पहाटे गोणपाट कडक झालेलं होतं आणि खाली पान काळं पडलेलं. ह्यांनी ते पान खुडून टाकलं. मग म्हणाले, "सामान बांधायला घे."

तेव्हा वाटलं, माणूस भोळा आहे. आता वाटतं, त्यांना तिथली थंडी चांगली ठाऊक होती. फक्त 'इथे राहायचं नाही' हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

मुलगा अजून उभाच होता. "सांग ना, इथे भिंतीशी खड्डा करू?"

"कुंडीत लाव," मी म्हटलं. "उचलता येईल अशा."