थोडं खाली

बाथरूममध्ये धरायला दांड्या बसल्याशिवाय आई गाझियाबादला परत येणार नाही, असं चिन्मयने गुरुग्रामहून बाबांना फोनवर सांगितलं, तेव्हा मागून कुमुदताईंचा आवाज आला, "मग लवकर बसवा म्हणावं. ही आया मला बटाट्यासारखी घासते."

खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या मुलाकडे राहत होत्या. वॉकर घेऊन चालत होत्या, टेबलाशी बसून जेवत होत्या. पण अंघोळ मात्र आयाच्या हातून. बाकी काहीही त्यांनी सोसलं असतं, हे सोसवत नव्हतं. आपल्या घरी जाऊन एकटीने अंघोळ करायची, एवढंच त्यांना हवं होतं. ते जमलं नाही तर आया गाझियाबादलाही येणार, हे चिन्मयने ठरवून टाकलं होतं.

त्यांचे यजमान सूर्यकांत टिपणीस म्हणजे भाजीवाल्यापुढे दोन कोबींमध्ये अडकून पडणारा माणूस. सगळी सरकारी नोकरी दिल्लीत झाली, पण कशावरही शेवटची सही त्यांनी दुसऱ्यालाच करू दिली. या वेळी सही त्यांचीच होती. ते सॅनिटरीच्या दुकानात गेले, ते पिशवीत साबणाचं ओलं फडकं घेऊन.

दुकानदाराने आरशासारखी चकचकीत दांडी काढली. "फाइव्ह स्टार होटल में यही लगता है, अंकलजी."

सूर्यकांतरावांनी तिला फडकं चोळलं आणि मूठ आवळून ओढलं. मूठ सर्रकन सुटली.

"खरीदने से पहले ही नहला दिया?" दुकानदार म्हणाला.

मग त्याने रबरी वाटीने भिंतीच्या टाइलला चिकटणारी दांडी दाखवली. भिंतीला भोक नको, स्क्रू नको. सूर्यकांतरावांनी तिला जरा भार दिला आणि दांडी फटकन त्यांच्या हातात आली. ते ती धरून तसेच उभे राहिले. दुकानाच्या जागी त्यांना घरची ओली फरशी दिसत होती. शेवटी त्यांनी स्क्रूने बसणाऱ्या, बिनचमकीच्या, खरखरीत स्टीलच्या दोन दांड्या घेतल्या. एक कमोडजवळ, एक अंघोळीच्या स्टुलाशेजारी.

बसवायला सतबीर प्लंबर आला. सूर्यकांतरावांनी भिंतीवर पेन्सिलीने खुणा करून ठेवल्याच होत्या. पण कुमुदताई उंचीने बेताच्या, म्हणून ऐन वेळी त्यांना स्टुलाजवळची खूण जरा वर वाटली. "ये वाला थोड़ा खाली रखना," असं सांगून ते चहा टाकायला गेले. परत आले तेव्हा दांड्या बसल्या होत्या. स्टुलाजवळची भिंतीपासून जास्तच पुढे आलेली दिसली. असेल तशी पद्धत, असं मनाशी म्हणून त्यांनी दोन्ही ओढून पाहिल्या. पक्क्या होत्या.

चिन्मय आईला सोडून गेला. जाताना बाथरूमची आतली कडी तेवढी काढून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुमुदताई अंघोळीला गेल्या, दार लोटून घेतलं, आणि सूर्यकांतराव पेपर घेऊन बाहेर बसले. नळ वाहत होता. बराच वेळ वाहत होता. मग दाराखालून पाणी बाहेर आलं.

"कुमुद, बादली भरली का?"

"काही नाही. वाचा तुम्ही पेपर."

तो आवाज त्यांना ओळखीचा वाटला नाही. त्यांनी दार ढकललं.

कुमुदताई ना बसलेल्या होत्या, ना उभ्या. उठताना हात घसरून दांडी आणि भिंत यांच्यामधल्या फटीत कोपरापर्यंत शिरला होता, आणि अंगाचा अर्धा भार त्या अडकलेल्या हातावर होता. चेहरा पांढराफटक पडला होता. सूर्यकांतरावांनी बायकोला काखेत हात घालून उचलून धरलं, दांडीवर साबणाचं पाणी ओतलं, हात इंच इंच करत मागे घेतला.

"हाक का नाही मारलीस?"

"हाक मारली असती तर आया आली असती," त्या म्हणाल्या.

सूर्यकांतराव ओल्या फरशीवरच बसले. आपण चार हातांवर असताना ही मुकाट्याने लटकत होती.

एक्स-रेत हाड शाबूत निघालं. हात मात्र काळानिळा झाला होता. सतबीरला बोलावलं, तर तो बुचकळ्यात पडला. "आपने ही बोला था, अंकलजी, थोड़ा खाली रखना. मैंने पीछे लकड़ी के गुटके लगाके जगह खाली रखी. अपनी तरफ से लगाए."

सूर्यकांतरावांनी दांडीच्या मागे बोट घालून ते लाकडी ठोकळे चाचपले. हिंदीत खाली म्हणजे रिकामं. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? आयुष्य गेलं या भाषेत. पण त्या दिवशी ते स्वतःच्या घरात उभे होते, डोक्यात कुमुद होती, आणि तोंडातून मराठी खाली बाहेर पडलं.

"मेरी गलती है," ते म्हणाले.

"भैया, इनको छोड़ो," कुमुदताई वॉकरवर टेकून म्हणाल्या. "गुटके निकालो और नीचे करो. नीचे. मैं बैठके बताती हूँ कितना."

संध्याकाळी चिन्मयचा फोन आला. सूर्यकांतरावांनी काही लपवलं नाही.

"बाबा, सोमवारपासून आया पाठवतो."

"नको," सूर्यकांतराव म्हणाले. बाबांचं नको त्याने फारसं ऐकलेलं नव्हतं. "दांडी नीट बसली आहे. तुझी आई तिला लोंबकळून बघते आहे, इतकी की मलाच बघवत नाही. अंघोळ ती एकटी करेल. मी बाहेरून विचारत राहीन."

हाताची सूज उतरल्यावर कुमुदताई पुन्हा अंघोळीला गेल्या. "दाराशी उभं राहायचं नाही," त्यांनी बजावलं.

ते खुर्चीत बसले. "कुमुद?"

"आहे."

तांब्याचा आवाज. "कुमुद?"

"आहे हो."

"कुमुद?"

उत्तर आलं नाही. सूर्यकांतराव उठले, खुर्ची मागे कलंडली, हात दाराला लागला.

"आत यायचं नाही," आतून आवाज आला. "तोंडाला साबण लावलाय. साबण खात बोलू का तुमच्याशी?"

ते दाराला टेकून उभे राहिले. आत पाणी पडत होतं.