डॉक्टरांच्या गाडीतून येरमेटोला

चंद्रपूरच्या बसस्टँडवर अहेरीची एस.टी. लागली तेव्हा नुकतं उजाडत होतं. माझ्याजवळ कपड्यांची पिशवी, हत्यारांची पेटी आणि मोटरसायकलचे चार कोरे टायर होते. कंडक्टरनं आधी टायरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दुकान टाकून राह्यले का अहेरीत?"

"नाही, एका मोटारीला घालायचेत."

"मोटारीले? मोटरसायकलचे?" तो मान हलवत राहिला, पण टायर टपावर चढवायला त्यानंच हात लावला.

त्याचं आश्चर्य बरोबरच होतं. पुण्याच्या एका तंत्रनिकेतनात मी मोटारींचं काम शिकवत असे. जुन्या गाड्यांचा नाद मला फार आधीपासूनचा. अहेरीकडच्या माझ्या एका विद्यार्थ्यानं त्या हिवाळ्यात सांगितलं, "सर, आमच्या गावात एका डॉक्टरांच्या घरी इंग्रजांच्या वेळची रेसची गाडी पडून आहे. डॉक्टर नुकतेच वारले." पुढच्या खेपेला त्यानं फोटोच आणला. लांब नाक, तारांच्या आऱ्यांची उंच चाकं, कापडी टप आणि जेमतेम दोन माणसांची जागा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची स्पोर्ट्स गाडी होती ती. तिच्या मापाचे टायर देशात मिळत नव्हते, मोटरसायकलचे मात्र तिच्या चाकांवर बसत. तो फोटो मी महिनाभर खिशात घेऊन हिंडलो, असं माझी बायको अजून सांगते.

मार्च लागला होता. गोंडपिपरी मागे पडली, आष्टीजवळ वैनगंगेचं पसरट, वाळूनं भरलेलं पात्र ओलांडलं आणि जंगल रस्त्याच्या दोन्ही बाजूंना येऊन उभं राहिलं. सागाची पानं गळून खाली खच पडला होता. मोहाच्या झाडांखाली पाचोळा जाळून जमीन काळी, स्वच्छ केलेली होती आणि तिच्यावर बाया-माणसं टोपल्या घेऊन वाकलेली. फुलांचा गोड, जडसर वास बसच्या खिडकीतून आत येत होता. शेजारचा म्हातारा म्हणाला, "यंदा मोह बरा पडून राह्यला." मग आलापल्लीपर्यंत तो झोपला.

डॉक्टरांचं घर अहेरीच्या बाजाराच्या पलीकडे होतं. दार सुशीलाबाईंनी उघडलं. पांढरं सुती लुगडं, जाड भिंगांचा चष्मा, ताठ कणा. त्या शाळेत शिक्षिका होत्या, निवृत्त होऊन थोडीच वर्षं झाली होती. ओसरीत बुद्धाची लहान मूर्ती आणि तिच्यासमोर ताजी फुलं होती. त्यांनी पाणी दिलं, प्रवासाचं विचारलं आणि सरळ मागच्या बाजूच्या टिनाच्या छपरीत नेलं.

त्यांनी ताडपत्री ओढली. हिरवा रंग पापुद्रे होऊन सुटला होता, टायरांच्या चिंध्या झाल्या होत्या आणि बैठकीच्या कातड्यात उंदरांनी घर केलं होतं. पण गाडी उभी होती. अशा गाड्यांचा पत्रा आतल्या लाकडी सांगाड्यावर ठोकलेला असतो. मी हातानं चाचपून पाहिलं. मूळचं लाकूड कधीच गेलेलं होतं. त्याच्या जागी कुणीतरी नीट रंधून सागवान बसवलं होतं, आणि त्याला वाळवीनं तोंड लावलं नव्हतं.

"लाकडाच्या कंपनीचा साहेब देश सोडून चालला तेव्हा डॉक्टरनं घेतली," बाई म्हणाल्या. "कोणीच घेत नव्हतं. जंगलात ही गाडी काय कामाची? अन् आम्ही घेतली तर लोक हसले. म्हणे, यांच्या बापाले गावच्या विहिरीवर पाणी नव्हतं, अन् हा साहेबाच्या गाडीत बसते. डॉक्टर आयकत, अन् दवाईची पेटी ठेवून निघून जात."

मी किमतीचा विषय काढला. त्यांनी हातानंच थांबवलं.

"भाऊ, मले पैसे नको. गाडी चालू करा. एका गावाले मले हिच्यात घेऊन चला. मंग गाडी तुमची."

कुठल्या गावाला, असं मी विचारलं. "येरमेटोला. मुलचेऱ्याच्या पलीकडं, जंगलात." याहून जास्त त्या बोलल्या नाहीत.

मी अहेरीत राहिलो आणि कामाला लागलो. इंजिन पार जाम होतं. प्लगच्या भोकांतून तेल आणि रॉकेल ओतून मी ते मुरत ठेवलं. तोवर कार्बोरेटर सोडवले, पेट्रोलची टाकी खडे घालून खळखळून धुतली, ब्रेकच्या तारा बदलल्या, चाकांवर कोरे टायर चढवले. आलापल्लीच्या एका ट्रक मिस्त्रीनं बॅटरी उसनी दिली. सुशीलाबाई दुपारी छपरीच्या दारात खुर्ची टाकून बसत. एका दुपारी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मी मागेपुढे रेटत होतो, तेव्हा आत काहीतरी सुटल्याचा बारीक आवाज झाला आणि चाकांबरोबर इंजिन फिरलं. मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. मागे वळून पाहिलं तर बाईंनी चष्मा काढून डोळ्यांना पदर लावला होता.

दुसऱ्या दिवशी ती चालू झाली. आवाज थेट रस्त्यापर्यंत गेला आणि शेजारची माणसं कुंपणाशी जमली. "डॉक्टरची गाडी!" एक म्हातारी म्हणाली आणि तिनं हात जोडले. त्या दिवशी जेवताना सुशीलाबाईंनी सगळं सांगितलं.

येरमेटोल्याला डॉक्टर दर बाजारच्या दिवशी जात असत. एका पावसाळ्यात तिथल्या लालसूची बायको बाळंतपणात अडली. लालसू म्हणाला, मी वरच्या वाटेनं बैलगाडीतून नेतो. डॉक्टर म्हणाले, वेळ नाही, माझ्या गाडीत घाल. शेजारच्या जागेवर तिला बसवून ते निघाले आणि गावाबाहेरच्या नाल्यात गाडी रुतली. माणसं येईपर्यंत ती गेली. पोटातलं मूलही गेलं.

"बैल जोडून गाडी घरी आणली," बाई म्हणाल्या. "त्या दिसापासून ती छपरीत हाय. डॉक्टर त्या गावाले परत गेले नाई. मरायच्या आधी मले म्हणाले, सुशीला, तू जा. त्याच गाडीत जा, अन् लालसूले सांग, चूक माही होती. मी शब्द देल्ला."

आम्ही सकाळी निघालो. डाव्या जागेवर सुशीलाबाई, मांडीवर पाण्याची सुरई. टप खाली केलेला. आलापल्लीहून मुलचेऱ्याचा रस्ता लागला आणि झाडं वर जुळून आली. इतकी वर्षं मी अशा गाड्यांची चित्रं पाहिली होती, ती चालवताना काय वाटेल ते मनात शंभरदा रंगवलं होतं. स्टिअरिंग हातात जिवंत होतं, इंजिन गोड बोलत होतं, आणि शेजारच्या बाईंचे ओठ घट्ट मिटलेले होते. वेग वाढवण्याचा मला धीर झाला नाही.

मुलचेऱ्याच्या अलीकडे रेडिएटरमधलं पाणी उकळायला लागलं. रस्त्याला लागून बंगाली निर्वासितांचं गाव होतं. शेणानं सारवलेली नेटकी अंगणं, दारात केळी, मागे मासे पाळायची डबकी. एका घरातल्या माणसानं बादली आणून दिली. गाडीभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, "एटा तो डॉक्टरबाबूर गाडी!" (ही तर डॉक्टरसाहेबांची गाडी!) मग मोडक्या मराठीत त्यानं सांगितलं, की ते लोक इथे नवे आले तेव्हा जंगलातल्या तापानं पार खचले होते आणि डॉक्टरबाबू याच गाडीतून येत. त्याच्या बायकोनं आम्हाला बसवलंच. मोहरीच्या तेलातला माशाचा रस्सा आणि गरम भात. मी पोटभर जेवलो. सुशीलाबाईंनी भात चिवडला आणि मान राखायला चार घास खाल्ले.

"डॉक्टरबाबू भालो आछेन?" (डॉक्टर बरे आहेत ना?) त्या बाईनं विचारलं.

"गेले," सुशीलाबाई म्हणाल्या. बाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

पुढे डांबर संपलं. बैलगाड्यांच्या चाकोरीत गाडीचं पोट घासत होतं. मग उतार आला आणि खाली नाला दिसला. कोरडा, पांढऱ्या वाळूचा, दोन्ही काठांवर अर्जुनाची झाडं. "थांबवा," सुशीलाबाई म्हणाल्या. त्या उतरल्या, चपला हातात घेतल्या आणि वाळूतून चालत पलीकडे गेल्या. मध्ये एकदा थांबल्या, खाली पाहिलं आणि पुन्हा चालू लागल्या. मी त्यांच्या मागून गाडी काढली. वाळूत मागची चाकं एकदा नुसतीच फिरली, मग टायरांनी पकड घेतली. पलीकडे त्या गाडीत बसल्या नाहीत. गाव समोरच होतं, तिथवर चालतच आल्या.

येरमेटोला म्हणजे कुडाच्या भिंतींची थोडीशी घरं. अंगणांत मोह वाळत पडलेला. आवाज ऐकून माणसं बाहेर आली होती, पण जवळ कुणी येईना. एका अंगणात पांढऱ्या केसांचा, काटक माणूस हातानं मोह पसरत होता. त्यानं मान वर केली नाही.

"जोहार, लालसूभाऊ," सुशीलाबाई म्हणाल्या. "मी डॉक्टरची बायको."

"जोहार. गाडीच्या आवाजानं समजलं. डॉक्टर कुठी हाय?"

"गेले. हिवाळ्यात."

त्याचा हात थांबला. बाई उभ्याउभ्याच बोलल्या. आवाज शाळेतल्यासारखा स्पष्ट होता, पण पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं होतं. "त्या दिशी तू बैलगाडीनं नेतो म्हणत होता. डॉक्टरनं तुहं आयकलं नाई. चूक त्याची होती. हे तुले सांगाले त्यानं मले धाडलं."

लालसू उठला. आधी गाडीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"बैलगाडीत वाचली असती का नसती, मले का मालूम? ते मी धरून नाई बसलो, बाई. पण डॉक्टर मंग आला काऊन नाई?"

त्यानं नाल्याकडे हात केला.

"बाजारच्या दिशी आम्ही आवाज आयकत बसत होतो गाडीचा. तो आला नाई, मंग कोणीच आलं नाई. पुढच्या पावसाळ्यात ताप आला गावात. माहा मोठा पोरगा गेला. माह्या भावाची पोरगी गेली. डॉक्टरले वाटलं, लालसू मारन. मी कायले मारतो? मी वाट पाहून राह्यलो होतो."

सुशीलाबाई होत्या तिथेच जमिनीवर बसल्या. शिव्या ऐकायची तयारी करून त्या आल्या होत्या, हे ऐकायची नव्हती. मी त्यांना धरायला पुढे झालो, त्यांनी नको म्हणून हात हलवला.

"ताप होता, हे त्यानं आयकलं होतं," त्या हळूहळू म्हणाल्या. "दवाई दुसऱ्याच्या हाती धाडली."

"ती इथवर नाई आली."

"मीच त्याले म्हणायले पायजे होतं, तू स्वतः जा म्हणून. त्याचं दुःख पाहून मी बोलली नाई."

अंगणात मोहावर माश्या घोंघावत होत्या. मग घरातून एक बाई पानांच्या द्रोणांत जावा (तांदळाची पातळ, आंबूस पेज) घेऊन आली. सुशीलाबाई दोन्ही हातांनी द्रोण धरून ती शेवटपर्यंत प्यायल्या. लालसू त्यांचं पिणं पाहत बसला.

नंतर तो आम्हाला गावाच्या कडेला घेऊन गेला. तिथे मेलेल्या माणसांच्या नावानं उभे दगड रोवलेले होते, उंच, ठेंगणे, काही कललेले. बायकोच्या दगडापाशी तो थांबला, त्याच्या जवळच्या पोराच्या लहान दगडापाशीही. नावं त्यानं गोंडीत घेतली. सुशीलाबाई दोन्ही दगडांपुढे वाकल्या, आणि बराच वेळ तशाच राहिल्या.

निघताना लालसू गाडीपाशी आला. डाव्या बाजूच्या दारावरून त्यानं एकदा तळवा फिरवला आणि काढून घेतला. क्षमेचा एकही शब्द तो बोलला नाही.

"परत येशीन?" त्यानं विचारलं.

"येईन," बाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर मी घशाशी आलेलं बोलून टाकलं. म्हटलं, गाडी तुम्हीच ठेवा. अहेरीतला एखादा जीपवाला चालवील, तुम्हाला इथे येता येईल. म्हणताना माझा जीव तुटत होता, कारण आता ती मला हवीच होती.

"नाई, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी एस.टी.नं मुलचेऱ्यापर्यंत येईन. तिथून दवाखान्यातली नर्सबाई संगं घेईन, अन् पायी जाईन. या गाडीनं गेली तर लोक गाडीच पाह्यते. अन् ते आवाज आयकतीन, तर त्याहिले डॉक्टर आला असंच वाटन."

मी गाडी चंद्रपूरपर्यंत चालवत नेली. वाटेत जिथे थांबलो तिथे माणसं जमत होती, पोरं चाकांच्या आऱ्या मोजत होती, कोणी विचारत होतं, ही किती पळते? डावी जागा रिकामी होती. ज्या रस्त्यांनी येताना मी मोहाचा वास घेत आलो, त्याच रस्त्यांनी जाताना दोन्ही बाजूंना आत किती गावं असतील, आणि तिथे कुणाची वाट पाहणं चालू असेल, एवढंच मनात येत राहिलं. चंद्रपूरहून गाडी ट्रकवर चढवली.

पुण्यात मी तिला रंग दिला, कातडं बसवलं. सागवान तसंच ठेवलं. मुंबईचे एक जाणकार पाहायला आले होते. त्यांनी सगळीकडे वाकून पाहिलं आणि म्हणाले, "सुंदर आहे. पण आतलं लाकूड मूळचं नाही, किंमत पडते. कुणाची होती?"

"अहेरीच्या एका डॉक्टरांची."

"मोठे हौशी असणार!"

मी हो म्हणालो. एवढं सगळं त्यांना उभ्याउभ्या कुठून सांगणार होतो?

सुशीलाबाईंचं कार्ड अधूनमधून येतं. त्यात गाडीची चौकशी नसते. येरमेटोल्यात कुणाला ताप आला होता, कुणाचा उतरला, नाल्याला पाणी असल्यानं या खेपेला जाता आलं नाही, लालसूच्या नातीला टोचून घेतलं, असा मजकूर असतो. मीही उत्तरात गाडीबद्दल काही लिहीत नाही. नातीचं नाव काय ठेवलं, ते विचारतो.