शून्य आला, पण खरा

वर्षा भोये आमच्या जव्हारच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. मी मराठीचा, गणिताशी माझा छत्तीसचा आकडा. तरी तिचं संशोधन मला कळलं, कारण तिनं ते शेतावरून सांगितलं. "सर, आधी पालापाचोळा जाळून राब भाजायचा, मग भात पेरायचा. उलटं केलं तर बीच जळेल. काही शास्त्रज्ञ म्हणतात, फार फार बारीक पातळीवर जागेचंही तसंच आहे. आधी लांबी मग रुंदी मोजली तर एक उत्तर, उलट मोजली तर दुसरं." तसं असेल, तर अणूतल्या इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या पायऱ्या किंचित सरकायला हव्यात. हायड्रोजनच्या पायऱ्या किती सरकतील, याचं गणित ती मांडत होती. सगळ्यात खालची पायरीही सरकते, असं तिचं उत्तर आलं. ते नवं होतं.

२००३ साली तिनं प्रबंध मुंबईला दिला. पीएच.डी. झाली तरच तिची नोकरी कायम होणार होती. इकडे तिच्या गावी, साखरशेतला, तिच्या वडिलांना, पोश्याबाबांना, धीर कुठला? डिग्री हातात यायच्या आत त्यांनी सत्काराचं आवतण गावभर फिरवलं. बाजारात तुरी, असं मी म्हणालोही, पण ऐकतो कोण!

आणि सत्काराच्या आदल्या आठवड्यात वर्षाला स्वतःची चूक सापडली. क्रमाचं महत्त्व जगाला सांगणाऱ्या या बाईनं एका ओळीत सवयीनं गुणाकाराचा क्रम बदलला होता. ओळ सरळ केली की खालच्या पायरीचं सरकणं शून्य. मार्गदर्शक म्हणाले, "परीक्षकांना दिसलं नाही, तू कशाला उकरून काढतेस?" त्या माणसाचा मला आजही राग येतो. वर्षानं प्रबंध परत मागवला.

सत्काराला मी गेलो होतो. भोंगा लावलेला, भात शिजलेला. गावातले वडीलधारे माघ्याबाबा हार घेऊन उठले, तशी ती मागे सरली.

"माघ्याबाबा, देवाला दाखवल्याबिगर नवा भात आपण खातो का?"

"नाय खात."

"मग हा हार मी कसा घेऊ? माझं गणित चुकलंय. परत करायचंय."

माघ्याबाबांनी हार खाली ठेवला. पोश्याबाबा मात्र तरातरा उठून गेले. तिची आई म्हणाली, "जेवून घ्या रं आता," आणि लोक जेवायला बसले. वर्षाच्या डोळ्यांत पाणी होतं, पण मान ताठ होती. मला तिचा विलक्षण अभिमान वाटला.

पुढे वर्षभर ती कॉलेज सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून सगळं पहिल्या ओळीपासून करत राहिली. पोश्याबाबांनी विषय काढला नाही. नोकरी जाईल, असं प्राचार्यांनी दोनदा बजावलं. "जाऊ दे," म्हणाली, आणि पुन्हा फळ्याकडे वळली.

डिग्री मिळाली. तोंडी परीक्षेत तिनं आपली चूक स्वतःच सांगितली होती.

दुसऱ्या दिवशी पोश्याबाबा जीपनं जव्हारला आले. लेकीकडे न जाता थेट माझ्यासमोर उभे राहिले.

"मास्तर, काय आला मंग उत्तर?"

"खालच्या पायरीचं शून्य. वरच्या काही पायऱ्या सरकतील, पण किती, ते अजून कोणाला मोजता आलेलं नाही."



"शून्य खरा हाय ना?"

"खरा आहे."

"मंग गावाला आवतण धाडतो."