धोंडस बसू नये म्हणून

बहीण गेल्याला आता सव्वा महिना झाला. तिची सून परवा म्हणाली, "मावशी, तुमच्याकडचं ते काकडीचं धोंडस कसं करायचं, लिहून द्या ना." मी वही घेऊन बसले. जून तवसं किसावं, तांदळाचा रवा भाजावा, गूळ, खोबरं, वेलची घालावी, इथपर्यंत लिहिलं. पुढे 'खाली-वर विस्तव ठेवून भाजावे' हे वाक्य आलं. ते वाक्य मी लिहिलं नाही. त्याऐवजी हे लिहिते आहे.

आमचं घर मालवणपासून चालत तासाभरावर होतं. वडील मुंबईला नोकरीत. घरात आई, आम्ही दोघी बहिणी आणि थोरली काकी. स्वयंपाकघर काकीचं. मी दहा वर्षांची होते, बहीण सहाची.

धोंडस करायचं म्हणजे जाड बुडाच्या टोपात हळदीची पानं लावायची, त्यात पीठ ओतायचं, टोप मंद चुलीवर चढवायचा आणि वर लोखंडी थाळा ठेवून त्यात करवंट्यांचे निखारे घालायचे. हे वरचे निखारे फुललेले राहायला हवेत. त्यासाठी कुणीतरी फुंकणी घेऊन टोपाजवळ बसायचं. काकीच्या मते हे काम लहान मुलीचंच. मोठ्या माणसाची फुंकर जोरात लागते, राख उडते. लहान पोराची बेताची असते. शिवाय एक नियम होता. टोप चुलीवर चढला की उतरेपर्यंत चुलीपाशी कुणी अक्षर बोलायचं नाही. बोललं की धोंडस बसतं, फुगत नाही.

आता आठवते तेव्हा त्या घरातल्या नियमांचीच किळस येते. केस मोकळे नकोत, कारण केस पिठात पडतो. टोपाला धक्का नको. शिंकायचं तर बाहेर जाऊन. सगळे नियम धोंडसाच्या जिवासाठी. निखाऱ्यापासून हातभर लांब बसा, असं आम्हाला कुणी एकदाही सांगितलं नाही.

ते चतुर्थीच्या आधीचे दिवस होते. वडील तीन दिवसांनी येणार होते. बहिणीने हट्ट करून त्यांनी आदल्या वर्षी आणलेला नायलॉनचा फ्रॉक घातला होता. गुलाबी, गुडघ्यावर झालर. गावात तसा दुसरा नव्हता. काकीने तिच्या हातात फुंकणी दिली आणि म्हणाली, "गप रवा गो दोघींनी. बोललात तर धोंडास बसतला. मगे बापाशीक काय माती घालशात?"

बहीण फुंकत होती. मी तिच्या समोर बसले होते. थाळा जुना, एका बाजूला वाकलेला. तिच्या प्रत्येक फुंकरीबरोबर करवंटीचा एक निखारा काठाकडे सरकत होता. मी तो पाहिला. काठावर आला, तेव्हाही पाहिला. 'मागे सर' एवढंच म्हणायचं होतं. मी काकीकडे पाहिलं. तिने ओठांवर बोट ठेवलं. मी तोंड मिटलं.

निखारा झालरीवर पडला. नायलॉन सुती कापडासारखं जळत नाही, वितळतं. बहिणीने ते उजव्या हाताने झटकलं आणि वितळलेलं कापड तिच्या तळव्याला आणि बोटांना चिकटलं. गूळ करपल्यासारखा वास आला. तो गुळाचा नव्हता. ती किंचाळली. आईने पाण्याची कळशी तिच्यावर रिकामी केली, थोडं पाणी चुलीत गेलं, आणि काकी ओरडली, "चुलीत खंय ओततंस? टोप बघ आधी!"

बहिणीचा हात आईच्या हातात होता आणि काकीने सांडशीने थाळा उचलून पाहिला. "बरां झालां हा," ती म्हणाली. तिच्या आवाजात समाधान होतं.

मग तिने औषध केलं. मूठभर तांदूळ तोंडात टाकून चावले. काकी दिवसातून चार वेळा मशेरी लावायची. तो लगदा तिने तळव्यावर थुंकला तेव्हा त्यात काळी लाळ होती. तिने तो बहिणीच्या तळव्यावर थापला, पाचही बोटं एकत्र मिटवली आणि वर चिंधी बांधली. आई म्हणाली, "दवाखान्यात नेऊक व्हया." काकी म्हणाली, "लोकांक काय सांगशात? ह्यांच्या घरात चेडवा जळतत म्हणान? पोरांचा मास बेगीन भरता. काय होवचा नाय." आई गप्प बसली. तिच्या त्या गप्प बसण्याचाही मला अजून राग येतो.

रोज सकाळी जुन्या लगद्यावर नवा लगदा. दुसऱ्या दिवशी चिंधी पिवळी झाली. तिसऱ्या दिवशी आमच्या अंथरुणात मासळीच्या सुकवणीसारखा वास होता आणि बहिणीचं अंग तापलं होतं. चिंधीच्या फटीतून मी पाहिलं. कुठलं बोट कुठे संपतं ते कळत नव्हतं. या हाताने ती नुकती पाटीवर श्री काढायला शिकली होती.

वडील आले. काकीने शिंक्यावरून धोंडस काढून त्यांच्या ताटलीत वाढलं. वडील म्हणाले, "वैनी, ही चव मुंबयत नाय हो." मग विचारलं, "धाकटां चेडू खंय?"

"निजलां हा. हातार जरा कडत पाणी पडला," काकी म्हणाली.

वडील दुसरा तुकडा घेत होते. मी म्हणाले, "पाणी नाय, बाबानू. इस्तव. आणि तेचो हात कुसता हा."

"गप गो, मोठी शाणी!" काकी म्हणाली.

वडील उठले. हात न धुताच आत गेले. त्या वासाने ते दारातच एकदा थांबले, मग त्यांनी तिला उचललं.

मालवणच्या डॉक्टरांनी चिंधी भिजवून सोडवली. लगदा निघाला, त्याच्याबरोबर कातडीही निघाली. "हे काय लावलंय? कोणी लावलं?" त्यांनी विचारलं. वडिलांनी आईकडे पाहिलं. आई शुद्ध मराठीत म्हणाली, "मीच लावलं." डॉक्टर म्हणाले, "नुसतं भाजलं असतं तर हात नीट राहिला असता, बाई." त्यांनी अंगठा आणि दोन बोटं सुटी केली. करंगळी आणि शेजारचं बोट एकमेकांत मुरली होती, ती तशीच राहिली.

घरी आलो तेव्हा संध्याकाळ होत होती. बहिणीला भूक लागली होती. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत. काकीने ताट वाढलं, त्यात भाताशेजारी धोंडसाचा उरलेला तुकडाही ठेवला. बहिणीने डाव्या हाताने भात कालवला आणि घास तोंडात घातला.

"शी! डाव्या हातान खातंस?" काकी म्हणाली.

 मी ताटातला तो तुकडा उचलला आणि मागच्या दाराने शेणकीच्या खड्ड्यात टाकून आले. परत आले तेव्हा बहीण काकीकडे पाहत डाव्या हातानेच जेवत होती.