पहाडातला बर्फ आणि पालथा तवा

हिमाचलाच्या पहाडात चैत्रात पडायला लागलेला बर्फ मी थांबवला. मुद्दाम थांबवला नाही, पण थांबवला मीच. साक्षीदार आहेत. त्यातले अकोल्याचे नवराबायको तर त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. (तसे ते आधीही फारसे बोलत नव्हते.)

मी राळेगाव तालुक्यातला. शाळा चौथीपर्यंत, त्यापुढं कापूस. बायको दिवाळीच्या तोंडावर गेली. तेव्हापासून मी ओसरीत बाजेवर पडून असायचो आणि कोणी काही विचारलं तर ‘हूं’ म्हणायचो. पोराला, गजूला वाटलं, बापाला जरा बाहेर काढलं पाहिजे. सून वैशाली हुशार. तिनं मोबाईल काढला आणि वसंतात पहाडात कायले जावं, याची कारणंच वाचायला सुरुवात केली.

“मामाजी, पहिलं म्हंजे फुलं. सारा पहाड फुलते म्हने.”

“आपल्या धुऱ्यावरचा पळस काय मेला हाय?”

“हवा थंडी राह्यते.”

“मटका हाय. निंबाची सावली हाय.”

“गर्दी नसते.”

“भर दुपारी आपल्या चौकात जाऊन पाय. कुत्रं दिसलं त सांग मले.”

वैशालीनं उसासा टाकला आणि उरलेलं शेवटचं कारण वाचलं. “अन् नशीब असलं त बर्फ पडतानाही दिसते.”

मी बाजेवरून उठलो. “गाडी कधी हाय?”

आता बर्फाचं असं आहे. आमच्या घरी फ्रीज आला, तेव्हा गजूची माय वरच्या कप्प्यातला बर्फ उलथण्यानं खरवडून खायची. खाता खाता म्हणायची, “अवो, हा त चिपकलेला बर्फ. टीवीत दाखवते तो आभायातून पडते, कापसावानी. जनमभर वाकू वाकू कापूस वेचला. एकदा वरून पडताना पाहाचा हाय मले. वेचा लागत नाई, गाठोडं बांधा लागत नाई. नुसतं उभं राहाचं!”

तेवढं एक राहिलं.

तिचा एकटीचा फोटो एकच, आधार कार्डावरचा. त्यात ती अशी पाहते, जशी काही फोटोवाल्यानं तिची बकरी सोडून नेली. ते कार्ड मी बंडीच्या खिशात टाकलं. बर्फ पडला की कार्ड बाहेर काढायचं आणि तिला दाखवायचं, एवढंच माझं काम. फुलं आणि हवा बाकीच्यांनी पाहावी.

पहाडातल्या हॉटेलात पाय ठेवल्याबरोबर घोळ सुरू झाला. मालक म्हणाला, “चाचा, आधार दीजिए.” मी खिशात हात घातला आणि दिलं. त्यानं कार्ड पाहिलं, मला पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं.

“ये तो मैडम का है. मैडम कहाँ हैं?”

“खिसे में है,” मी म्हणालो.

मालकानं गजूकडं पाहिलं. गजूनं भिंतीकडं पाहिलं आणि माझं कार्ड पुढं सरकवलं.

नशीब काही उघडेना. रोज आभाळ भरून यायचं आणि रोज तसंच निघून जायचं, आमच्याकडं जून महिन्यात करतं तसं. एकदा दूरवर पांढरीशुभ्र वाडी दिसली. मी ओरडलो, “गजू, कापूस फुटला!” ती सफरचंदाची झाडं निघाली, फुलावर आलेली. गाडीतले सगळे हसले. (हसणाऱ्यात एकानं तरी फुटलेला कापूस पाहिला असेल, तर मी मिशी काढीन.)

मग आम्हाला जुना बर्फ दाखवायला नेलं. त्यासाठी भाड्यानं केसाळ कोट दिला. तो घातल्यावर मला पाहून एक लेकरू रडायला लागलं. आणि बर्फ कसा? काळपट, दबलेला, ट्रकखाली सापडलेल्या गादीसारखा. गजू म्हणाला, “बाबा, कार्ड काढा. मायले दाखवा.”

“हा?” मी म्हणालो. “असा कापूस तुही माय वावरात सोडून देत होती.”

कार्ड खिशातच राहिलं.

आमच्याच सहलीच्या गाडीतल्या त्या अकोल्याच्या जोडप्यातले साहेब कॉलेजात शिकवून रिटायर झालेले. त्यांना प्रत्येक गोष्टीचं शास्त्र ठाऊक. बाईंना शास्त्र नको होतं, पडता बर्फ पाहिजे होता. लाल टोपी घालून, दोन्ही हात पसरून, पडत्या बर्फात गोल फिरतानाचा व्हिडिओ त्यांना बहिणीला पाठवायचा होता. बहीण आधी येऊन गेलेली, आणि तिला बर्फ मिळालेला. म्हणजे बाईंचंही माझ्यासारखंच, कोणाला तरी दाखवायचं होतं. फक्त माझ्यावालीला जळवायचं नव्हतं.

शेवटची सकाळ उजाडली. चहा पिऊन निघायचं होतं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी, टिनाच्या छपराखाली खुर्चीवर बसलो होतो. आत चूल पेटलेली, अंगावर घोंगडी, जरा डोळा लागला.

आणि टिनावर वाजलं. तड. तड. तडतडतड.

इथं आमच्याकडची एक रीत सांगितली पाहिजे. चैत्रात आमच्याकडं गारा पडतात. गारा पडायला लागल्या की घरातला तवा उचलून अंगणात पालथा फेकायचा. गारा थांबतात म्हणे. गजूची माय दारातून ओरडायची, “अवो, गारा! तवा फेका!” आणि मी फेकायचो. लग्न झाल्यापासून फेकत आलो. गारा एकदाही थांबल्या नाहीत. गहू लोळला, आंब्याचा मोहर गेला, एकदा तव्यानं तुळशीची कुंडी फुटली. पण फेकायचं सोडलं नाही, कारण नाही फेकला तर गारांपेक्षा आत जास्त पडायचं.

तर टिनावर तडतड झाली आणि मला तिचा आवाज आला. खोटं सांगत नाही. साफ आला. “अवो, तवा!”

मी अर्ध्या झोपेत आत घुसलो. ठाकूर नावाचा आचारी पराठा शेकत होता. मी त्याची सांडशी घेतली, तवा धरला, बाहेर आलो आणि अंगात होतं नव्हतं ते बळ लावून आभाळाखाली भिरकावला. पराठ्यासकट!

तवा अंगणाच्या मधोमध पालथा पडला. पराठा थोडा पुढं गेला आणि लाल टोपीच्या पायाशी थांबला. बाई हात पसरून गोल फिरायला लागल्या होत्या, साहेबांनी मोबाईल धरलेला. तेव्हा माझे डोळे पुरते उघडले. वरून जे येत होतं त्या गारा नव्हत्या. पहिले चार दाणे साबुदाण्यासारखे वाजले असतील, पण मागून अगदी कापसासारखं, हळू, तरंगत, पांढरं यायला लागलं होतं. तापल्या तव्यावर त्यातलं थोडं पडलं. चर्र झालं.

मी खिशात हात घातला. कार्ड बोटाला लागलं. बाहेर काढतो तोवर बर्फ थांबला.

नुसता थांबला नाही, ऊन पडलं!

“चाचा, मेरा तवा!” ठाकूर ओरडला.

“आजोबा, काय केलं हो हे तुम्ही?” बाई म्हणाल्या.

गप्प राहायला पाहिजे होतं. पण मी खरं बोलणारा माणूस. “गारा थांबवाले तवा फेकला,” मी म्हणालो. “आमच्याकडं फेकतात.”

“मग थांबल्या ना!”

“हो,” मी म्हणालो, आणि मला थोडा अभिमान वाटला. “पहिल्यांदाच थांबल्या.”

हे बोलायला नको होतं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सारं हॉटेल अंगणात जमलं. गजू कानाशी येऊन म्हणाला, “बाबा, माफी मांगा.”

“कोनाले? आभायाले?”

साहेब मात्र शांत होते. “तव्याचा आणि हवामानाचा काहीएक संबंध नाही,” त्यांनी सगळ्यांना सांगितलं. लोक पांगल्यावर ते हळूच माझ्याजवळ आले. “आजोबा, तो तवा सुलटा केला तर?”

“तसं आमी कधी केलं नाई.”

“करून पाहू ना. तोटा काय आहे?”

मग आम्ही दोघांनी तवा सुलटा केला. बाई टोपी नीट करून पुन्हा हात पसरून उभ्या राहिल्या. ठाकूरही येऊन उभा राहिला, कारण तव्याशिवाय त्याला काम नव्हतं. “काही म्हणावं लागतं का?” साहेबांनी विचारलं. मी सांगितलं, म्हणायचं काम बायकोकडं होतं. आम्ही सगळे वर पाहत राहिलो. मान दुखली. ऊन वाढलं. नाश्ता कोणालाच मिळाला नाही.

परतीच्या गाडीत मी कार्ड काढून पाहिलं. इतकी वर्षं मला वाटायचं, ती फोटोवाल्यावर चिडली आहे. आता कळलं, तिला हे सगळं आधीच दिसलं होतं.

घरी आलो आणि पंधरवड्यातच गारा आल्या. गहू घरात आला होता, रानात लोळायला काही उरलं नव्हतं. दणादण पडल्या. अंगण, ओटा, निंबाखालची बाज, सारं पांढरं! वैशाली दारातून ओरडली, “मामाजी, गारा! तवा फेका!”

मी तवा घेतला. कार्डही घेतलं आणि अंगणात उतरलो. कार्ड पुढं धरलं.

“हे पाय,” मी म्हणालो. “जरा जाडा हाय, पन बर्फच हाय. वरूनच पडून राह्यला. वेचू नको, नुसती उभी राह्य.”

“मामाजी, तवा फेका ना!” वैशाली पुन्हा ओरडली. “काहून उभे हाय तसेच?”

“नाई फेकत!” मी ओरडलो. “थांबला त काय करू?”

तवा मी पालथा डोक्यावर धरला होता. गारा त्यावर टणाटण वाजत होत्या आणि काजळी पाण्यासोबत माझ्या तोंडावर उतरत होती. कार्डावर ती तशीच पाहत होती, पण यावेळी तिला दोष देता येत नव्हता. समोर बर्फ होता, आणि बर्फात एक काळं अस्वल उभं होतं.