लॅमिनेशनसाहेबांची आजारभेट

१४ मार्च, गुरुवार. सकाळी डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, आता औषध फक्त दुखू नये म्हणून. धाकटीची चादर बदलली. उशाजवळचे स्टूल डुगडुगते, त्यावरचे पाणी पुन्हा सांडले. पाळकसाहेब दुपारी येणार असल्याचा त्यांच्या कार्यालयातून फोन आला.

शेवटचे वाक्य लिहून थोरलीने पेनाला टोपण लावले आणि नाक मुरडले. पाळकसाहेब म्हणजे धाकटीचा, तिच्या पाठच्या बहिणीचा, पोटचा मुलगा. आईला भेटायला यायचे तर कार्यालयातून फोन! आणि कार्यालय तरी कसले, चर्चच्या मागची, मोडक्या खुर्च्या ठेवायची खोली. तिथे आता लॅमिनेशनचे यंत्र बसवले होते. ते दिवसभर तापलेले असायचे, आणि त्याच्यामुळेच मंडळीतल्या लोकांनी त्यांच्या पाठीमागे त्यांना नाव पाडले होते लॅमिनेशनसाहेब.

हा मुलगा थोरलीच्या डोळ्यांसमोर वाढला. रविवारच्या शाळेत थोरली शिकवायची त्याच वर्गात तो होता. वहीला पुठ्ठा घालावा तर त्यानेच. कडा अशा दुमडायचा की बघत राहावे. आत मात्र सगळा आनंदीआनंद. धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरी पाठ म्हणायची वेळ आली की साहेबांना हटकून तहान लागायची. धाकटी म्हणायची, "ताई, त्याचा स्वभाव व्यवस्थित आहे गं." थोरली म्हणायची, "आहे ना. रिकामा डबा घासूनपुसून ठेवण्याइतका व्यवस्थित."

पुढे तो धर्मशिक्षणाच्या महाविद्यालयात गेला. ख्रिस्त खरा देव की खरा माणूस की दोन्ही, या एका प्रश्नापायी जुन्या काळी माणसे घरादाराला मुकली होती, देशोधडीला लागली होती. साहेबांनी तो सगळा झगडा एका तक्त्यात बसवला. बरोबर ते हिरवे, चूक ते लाल. गुरुजनांनी पाठ थोपटली. त्या दिवसापासून साहेबांना आपल्या आयुष्याचे काम सापडले. जे काही दोन हजार वर्षांत रडत, भांडत, गुडघे टेकून शिकले गेले होते, ते त्यांनी कापून, रंगवून, प्लॅस्टिकमध्ये घालून कडक केले. चहा सांडला तरी पुसून घेता येईल असे.

मंडळीत पाळक म्हणून आले ते संच घेऊनच. विवाहाचा संच, बाप्तिस्म्याचा संच, शोकाचा संच, तरुणांना चर्चमध्ये टिकवण्याचा संच. तरुण काही टिकले नाहीत, संच टिकला. एकदा लग्नात घाईघाईने भलतेच कार्ड हाती आले आणि साहेबांनी नवरा-नवरीकडे बघत गंभीर आवाजात वाचले, "हा जो आघात आज तुमच्यावर कोसळला आहे, तो सोसण्याचे बळ प्रभू देवो." नवऱ्याचा मामा मागून म्हणाला, "आमेन! पहिल्यांदाच मुद्द्याचं बोलले." साहेबांना चूक कळली ती कार्ड उलटल्यावर.

पण लग्नात हसून सोडून देता येते. धाकटीच्या पलंगापाशी थोरलीला हसू येत नव्हते.

या मंडळीत एक जुनी रीत होती. माणूस जायला टेकला की पाळकाने उशाशी बसून प्रश्नोत्तरीतला पहिला प्रश्न विचारायचा, "तू कोणाचा?", बाई असेल तर "तू कोणाची?" लहानपणी पाठ केलेले उत्तर आजाऱ्याने द्यायचे आणि पाळकाने त्यावर "आमेन" म्हणायचे. बस्स, एवढेच. घरच्यांनी विचारलेले चालत नसे. ते मंडळीच्या वतीने विचारायचे असते. थोरलीच्या नवऱ्याला जुन्या पाळकांनी असेच विचारले होते. तेव्हा धाकटी पायथ्याशी उभी होती. बाहेर आल्यावर तिने थोरलीचा हात धरून म्हटले होते, "ताई, माझ्या वेळी मला विचारल्याशिवाय जाऊ देऊ नकोस हं."

आणि आता विचारणारा कोण, तर हा. त्याने ती रीत कधीच बंद केली होती. आजारी माणसाचे मनोधैर्य खचते म्हणे.

साहेब आले ते खांद्याला बॅग लावून. बूट काढले, आईच्या कपाळावर हात ठेवला, लगेच काढला आणि स्टुलावर बसले. स्टूल डुगडुगले.

"मावशी, दुसरी खुर्ची नाही का?"

"आहे. तिच्यावर मी बसलेय."

साहेबांनी बॅग उघडून एक तक्ता काढला. त्यावर पाच गोल चेहरे होते, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. "आई, आज तुला कसं वाटतंय, त्या चेहऱ्यावर बोट ठेव बघू."

धाकटीने तक्त्याकडे पाहिले, मग मुलाकडे. "अरे, तुझाच चेहरा किती दिवसांनी बघतेय. हे कोण आणलेस बरोबर?"

"त्याने संवाद सोपा होतो, आई."

"आईशी?" थोरली म्हणाली.

"मावशी, प्लीज. याची एक पद्धत आहे."

धाकटीने उगाच त्याचे मन मोडू नये म्हणून मधल्या चेहऱ्यावर बोट टेकवले. साहेबांनी मान डोलावली, आशेविषयीचे कार्ड वाचले, कृतज्ञतेविषयीचे वाचले. वाचणे स्वच्छ होते. रेल्वेच्या सूचनाही स्वच्छच असतात. धाकटी डोळे न हलवता त्याच्या ओठांकडे बघत होती. ती कशाची वाट बघतेय हे थोरलीला कळत होते, आणि याला कळत नव्हते म्हणून तिच्या अंगाचा तिळपापड होत होता.

शेवटी तिने तोंड उघडले. "अरे, तिला प्रश्न विचार."

"कुठला?"

"पहिला. तुला तरी किती येत होते म्हणा."

"ओ, ते!" साहेब एकदम खुलले. "त्याच्यावर मी सबंध पान केलंय." बॅगेतून गुळगुळीत पुस्तिका निघाली. 'आपला प्राचीन वारसा' असे वर छापलेले. बोट फिरवत त्यांनी पान काढले आणि वर्गात शिकवावे तसे वाचू लागले. "पूर्वीच्या काळी मरणोन्मुख व्यक्तीस विश्वासाची आठवण करून देण्याची प्रथा होती. पाळक विचारत असत, 'तू कोणाची?'"

पुढचे वाक्य वाचायला त्यांनी श्वास घेतला. तेवढ्यात धाकटीने उशीवरून मान उचलली.

"ज्याच्या हातांना खिळ्यांचे वण आहेत, त्याची," ती म्हणाली. आवाज बारीक, पण शब्द एकेक सुटा. "त्याने मला नावाने हाक मारली. मी त्याच्याकडे जाते, आणि मला भय नाही."

धाकटी मुलाकडे बघत होती.

"नाही, नाही, आई," साहेब म्हणाले, "मी हे फक्त उदाहरण म्हणून वाचत होतो. पुढे चर्चेसाठी मुद्दे आहेत."

"आमेन म्हण," थोरली म्हणाली.

"पण मावशी, प्रार्थना अजून आलीच नाही. ती पुढच्या कार्डावर—"

"आमेन म्हण म्हणते ना!"

हा आवाज साहेबांनी लहानपणी ऐकलेला होता. त्यांची पाठ ताठ झाली, पुस्तिका मिटली. "आमेन," ते म्हणाले. कार्डाशिवाय त्यांच्या तोंडून निघालेला त्या दुपारचा प्रार्थनेचा तो एकच शब्द.

धाकटीने मान उशीवर टाकली. तिचे कपाळ सैल झाले. "झालं गं ताई," ती म्हणाली आणि भिंतीकडे वळून झोपली. मुलाकडे तिने पुन्हा पाहिले नाही. काम झाले होते.

थोरली त्याला दारापर्यंत सोडायला गेली. क्षणभर तिला वाटले, याच्या डोळ्यांत पाणी आहे. आता काहीतरी बोलेल. जिन्यापाशी तो वळला आणि खरोखरच गहिवरून म्हणाला, "बघितलंस ना मावशी? पुस्तिकेचा किती उपयोग होतो! पुढच्या आवृत्तीत हा अनुभव घालतो. आईचं नाव नाही घालणार."

"नको घालूस," थोरली म्हणाली. "ओळखशील तू तिला नावाशिवाय?"

साहेबांना ते कळले नाही. त्यांनी बॅगेतून पुस्तिकेच्या आणखी प्रती काढून तिच्या हातात दिल्या. "शेजारीपाजारी वाट," म्हणाले, आणि दुसऱ्या आजारभेटीला उशीर होतोय म्हणत खाली उतरले.

दार लावून थोरली आत आली. धाकटीचा श्वास हलका चालला होता. दिवा लावल्यावर तिने रोजनिशी उघडली आणि सकाळच्या मजकुराखाली नेहमीच्या वळणदार अक्षरात लिहिले:

संध्याकाळी धाकटीने दोन चमचे दूध घेतले. स्टुलाच्या आखूड पायाखाली पुस्तिका घडी करून घातली. आता डुगडुगत नाही.