सोळावा सोमवार आणि माझा मणका

सोमवारी सकाळी मी कोणावरही ओरडत नाही. सोमवारी दुपारी बारापर्यंत माझं मौन असतं.

हे मौन मी घेतलेलं नाही. आमच्या सौभाग्यवतींनी, म्हणजे कुंदाने, ते इथल्या, काशीच्या, संकठादेवीसमोर उभं राहून परस्पर घेतलं. आमच्या रेवाचं लग्न जमत नव्हतं. दोन स्थळं घरी येऊन परत गेली आणि दोन्ही वेळा दोष माझ्या तोंडाला मिळाला! (पहिल्या मुलाच्या मामाने आमच्या जिन्यात पानाची पिचकारी मारली. मी काय त्याला ओवाळायला हवं होतं?) तेव्हा कुंदा नवस बोलली, ‘‘लग्न जमू दे, रेवाचे बाबा सोळा सोमवार बारा वाजेपर्यंत तोंड उघडणार नाहीत.’’ नवस तिचा, तोंड माझं! पाचव्याच सोमवारी इंदूरचं स्थळ जमलं. उरलेले अकरा मात्र मला भोगावेच लागले.

मुहूर्त निघाला सतराव्या सोमवारचा, सकाळी दहा वाजून पाच मिनिटांचा. म्हणजे लग्नाच्या दिवशी मी मोकळा! हलवायापासून बँडवाल्यापर्यंत कोणाला काय सुनवायचं, याची यादी मी मनात तयार ठेवली होती.

आणि पंधराव्या सोमवारी गॅसवाल्याने सिलिंडर गल्लीच्या तोंडाशीच ठेवला. ब्रह्मा घाटाच्या त्या पायऱ्या चढून वर आणायला सांगावं, तर माझं मौन. मी डोळे वटारले. तो ‘‘नमस्ते चाचा’’ म्हणून निघून गेला! ओरडता आलं असतं तर राग तोंडावाटे गेला असता. तो गेला कमरेत. मी मनातल्या मनात तणतणत सिलिंडर स्वतःच उचलला, तीन पायऱ्या चढलो आणि चौथीवर माझ्या पाठीत काहीतरी कट्‌कन वाजलं.

तपासणीत कळलं की चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली आहे. (सिलिंडर घरापर्यंत काही हलला नाही. गादी हलली!) मांडी घालून पाच मिनिटं बसणं अशक्य झालं. आणि कन्यादानाला तर पाटावर दीड तास बसायचं होतं.

बातमी ऐकताच माझा चुलतभाऊ वसंता हजर झाला. वसंताच्या चेहऱ्यावर कायम प्रसादाचा पेढा खाल्ल्यासारखं हसू असतं. मला ते लहानपणापासून सहन होत नाही.

‘‘दादा, तू मुळीच काळजी करू नकोस,’’ तो म्हणाला. ‘‘तू आरामात खुर्चीवर बस. पाटावर मी आणि सुमन बसतो. कन्यादान आम्ही करू. रेवा काय आम्हाला परकी आहे?’’

‘‘खुर्ची? मला खुर्ची?’’ मी ओरडलो. (त्या दिवशी मंगळवार होता.) ‘‘पोरगी माझी! कन्यादान मी करणार आणि पाटावर बसूनच करणार! नीघ!’’

तो हसतच निघाला. जाताना म्हणाला, ‘‘खुर्ची मी आणून ठेवतो हां, लागली तर.’’

मग कोणीतरी सिगरा भागातल्या एका दवाखान्याचं नाव सांगितलं. ऑपरेशन नाही, चिरफाड नाही. मशीनवर निजवतात, पट्ट्यांनी बांधतात आणि मणके हळूहळू ओढून, सोडून, ओढून, सोडून मधल्या गादीवरचा दाब कमी करतात. पहिली वेळ मिळाली सोमवारी सकाळी सव्वाअकराची. सोळावा सोमवार!

‘‘मंगळवारची घेऊ या,’’ मी म्हणालो.

‘‘लग्नाला आठ दिवस राहिलेत,’’ कुंदा म्हणाली. ‘‘मी येते की बोलायला. तुम्ही फक्त पडून राहायचं.’’

तिथला डॉक्टर तिशीतला, भलताच नम्र. नम्र माणसांची मला अधिकच चीड येते. त्याने मला दोन भागांच्या एका पलंगावर निजवलं, एक पट्टा छातीला आवळला, एक कमरेला, आणि हातात बटण लावलेली एक वायर दिली.

‘‘चाचाजी, खिंचाव ज़्यादा लगे तो ये बटन दबा दीजिए, मशीन तुरंत रुक जाएगी. और मुँह से भी बोल दीजिएगा.’’

‘‘इनका मौन है,’’ कुंदाने सांगितलं.

‘‘अच्छा!’’ डॉक्टरने हात जोडले. ‘‘तो इशारा कर दीजिएगा.’’

आता माझा शहाणपणा ऐका. माझ्या उजव्या हातात जपमाळ होती आणि जप अर्धवट टाकायचा नव्हता. डावा हात पट्ट्याखाली अडकलेला. म्हणून ते बटण मी कुंदाच्या हातात दिलं! पस्तीस वर्षांच्या संसारानंतर माणसाने असा विश्वास टाकावा?

मशीन सुरू झालं. पहिली पाच मिनिटं बरं वाटलं, अगदी खोटं कशाला बोलू! मग ओढ वाढली. मग आणखी वाढली. छाती ब्रह्मा घाटावर आणि कंबर मुगलसरायला निघाल्यासारखं वाटू लागलं. मी माळेचा हात उचलला, तळवा वर केला आणि दोन-तीनदा वर झटकला. म्हणजे, उठवा मला!

‘‘क्या कह रहे हैं?’’ डॉक्टरने विचारलं.

आता सोमवारी माझा उपास असतो आणि ताटात खिचडी आणखी हवी असली की मी अगदी हीच खूण करतो. पंधरा सोमवार कुंदा ती खूण ओळखून वाढत होती.

‘‘और चाहिए, बोल रहे हैं,’’ ती म्हणाली.

‘‘वाह चाचाजी, बहुत हिम्मत है!’’ म्हणत त्याने मशीनचा आकडा थोडा वाढवला.

मी पुन्हा हात झटकला, जोरात!

‘‘अभी भी और!’’ कुंदा कौतुकाने म्हणाली. ‘‘घर पे भी ऐसेही है इनका. एक बार में पेट नहीं भरता.’’

मी मान हलवली. कपाळाला घाम आला. डोळे इतके वटारले की बाहेर यायचे बाकी राहिले. कुंदा माझ्या कानाशी वाकून म्हणाली, ‘‘अहो, चिडू नका. वीस मिनिटंच राहिलीत बाराला. सोळावा आहे, सांभाळा!’’ बटण तिच्या मुठीत होतं. त्याच मुठीने ती मला धीर देत होती!

मी सांभाळलं. देवाशपथ सांगतो, आणखी दोन ओढी सांभाळलं. तिसऱ्या ओढीला माझ्या तोंडून जे बाहेर पडलं, त्यात मराठी होतं, हिंदी होतं आणि घाटावरच्या नावाड्यांकडून लहानपणी ऐकलेलं बरंच काही होतं. डॉक्टर, त्याचं मशीन, गॅसवाला, वसंता, वसंताची खुर्ची, कोणालाही मी वगळलं नाही. बाहेर बसलेल्या मानदुखीच्या बाई मान वळवून बघायला लागल्या.

घाबरून कुंदाच्या हातून बटण दाबलं गेलं. मशीन थांबलं.

घड्याळात पावणेबारा वाजले होते.

‘‘मोडलात ना!’’ कुंदा खुर्चीत मटकन बसली. ‘‘सोळावा मोडलात! आता पुन्हा पहिल्यापासून!’’

‘‘पहिल्यापासून म्हणजे?’’

‘‘म्हणजे पुढचा सोमवार पहिला.’’

पुढचा सोमवार म्हणजे लग्न! मी भांडलो, विनवण्या केल्या, शेवटी गुरुजींकडे गेलो. त्यांनी मान हलवून निकाल दिला, ‘‘मंत्र म्हणता येतील. मंत्राशिवाय एक अक्षर नाही.’’ ही बातमी दोन्हीकडच्या नातेवाइकांना कळली आणि जणू माझं मौन हाच लग्नातला आहेर, असे सगळ्यांचे चेहरे फुलले.

मंगळवारपासून रोज मशीनवर गेलो, बटण स्वतःच्या मुठीत धरून. मशीनने म्हणा, आरामाने म्हणा, नाहीतर वसंतावरच्या रागाने म्हणा, लग्नाच्या दिवशी मी पाटावर बसलो. पूर्ण दीड तास, ताठ! बँडवाला अर्धा तास उशिरा आला. मी गप्प. जिलब्या थंड होत्या. मी गप्प. वसंता मांडवात खुर्ची घेऊन माझ्या मागे मागे फिरत होता. त्यावरही मी गप्प! रेवाचा हात जावयाच्या हातात दिला, पाणी सोडलं, मंत्र म्हटले. सगळे म्हणत होते, इतकं शांत लग्न या घाटावर झालं नाही.

इंदूरची गाडी दुपारची, म्हणून पाठवणी घाईने साडेबाराला. रेवा वाकून पाया पडली आणि म्हणाली, ‘‘बाबा, आज तुम्ही एकदाही ओरडला नाहीत. आता सासरी ओरडणारं कोणी नसलं की मला करमेल का हो?’’

‘‘अहो, बारा वाजून गेले,’’ कुंदाने कोपराने ढोसलं. ‘‘आता बोला की!’’

सकाळपासून मी बोलायचं जुळवत होतो. सुखी राहा, पोहोचलीस की फोन कर, जावयाने काही म्हटलं तर मला सांग, मी बघतो त्याच्याकडे. तोंड उघडलं. काही येईना. पाच मिनिटं झाली, गल्लीत सगळे खोळंबले आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. रेवाच्या सासरच्या सगळ्या मंडळींसमोर!

‘‘दादा, काय झालं?’’ वसंता धावत आला.

‘‘काही नाही,’’ मी कसंबसं म्हणालो. ‘‘पाठ दुखतेय.’’

वसंताने खुर्ची पुढे केली. आणि मी बसलो.